दोन सुरांची चाल

युसूफ वडगावसारख्या गावी एकादशीच्या रात्री भजन बसले म्हणजे चाल सर्वांच्या ओळखीचीच असते. म्हणणारा कच्चा की पक्का, हे मात्र तिच्यातच उघडे पडते. कारण लपावयास जागा नसते. मुंबईच्या जॅझवादकांवरही असाच प्रसंग आला होता.

जॅझ ही अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची कला आणि ब्लूज हा तिचा पाया. चार मात्रांचे बारा खंड, म्हणजे ४८ मात्रांचे एक आवर्तन, आणि त्यास मुख्य कॉर्ड अवघ्या तीन. गीताची पहिली ओळ बहुधा दोनदा म्हणून तिसरीत तिला उत्तर द्यावयाचे. १९१४ साली डब्ल्यू. सी. हँडी यांनी ‘सेंट लुई ब्लूज’ छापून प्रसिद्ध केले; तथापि कागदावर ब्लूज पुरता उतरत नाही. त्यातील गंधार धड कोमल नसतो, धड शुद्धही नसतो. तो कानानेच घ्यावा लागतो.

अडचण उद्भवली ती येथेच. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळा मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकवीत. त्या शिक्षणाच्या बळावर अनेक गोमंतकीय मुंबईच्या हॉटेलांतील बँडमध्ये शिरले. समोर ठेवलेला कागद ते बिनचूक वाजवीत. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा संच ताजमहाल हॉटेलात आला. पुढे ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. कागदाबाहेरही संगीत असते, हे येथील वादकांना प्रत्यक्ष ऐकावयास मिळाले. हळदोण्याचे अँतोनियो शावियेर वाझ, म्हणजेच ‘चिक चॉकलेट’, यांनी लुई आर्मस्ट्राँग यांचे वळण इतके आत्मसात केले की लोक त्यांना हिंदुस्थानचे आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

नाचाच्या वेळी पोटासाठी वाजवावयाचे. जॅम सेशनमध्ये स्वतःसाठी. तेथे तालीम नसते, कागद नसतो. अनोळखी वादकही एकत्र येतात. म्हणून ब्लूजच निघतो. सूर ठरतो, कोणी मात्रा मोजतो आणि चाल सुरू होते. मग एकेकाने दोन-चार आवर्तने घ्यावीत आणि जागा सोडावी. हात तयार असलेल्या वादकाला हेच जमत नाही. बारा खंड त्याला रिकामे भांडे वाटतात आणि तो ते काठोकाठ भरतो.

ड्यूक एलिंग्टन यांनी १९४२ साली ध्वनिमुद्रित केलेला ‘सी जॅम ब्लूज’ पाहा. त्याच्या चालीत दोनच सूर आहेत, पंचम आणि षड्ज. म्हणजे आपल्या तंबोऱ्यात नेहमी लावतात तेच! शिकाऊ मुलगाही ते पाच मिनिटांत काढील. परंतु पंचम कितीदा आणि कोणत्या वजनाने आपटावा, षड्जावर येण्यास किंचित उशीर किती करावा, त्यानंतर गप्प किती राहावे, यातच सारी करामत आहे. गप्प राहिल्यावाचून पियानोवाल्याचे उत्तर ऐकू येणार कसे? स्वतः एलिंग्टन १९६३ साली आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईस येऊन गेले.

पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हॉटेलांची मिळकत आटली आणि पुष्कळ वादक चित्रपटांच्या स्टुडिओंकडे वळले. चिक चॉकलेट सी. रामचंद्र यांचे साहाय्यक झाले. १९५१ च्या ‘अलबेला’त त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. ज्यांनी ब्लूजचे नावही ऐकले नव्हते, त्यांच्या कानी ती लय अशा वाटेने पडली. वाद्यमेळ रचणाऱ्या कित्येक गोमंतकीयांची नावे मात्र श्रेयनामावलीत आलीच नाहीत. हा अन्यायच होय.

चिक चॉकलेट १९६७ साली वारले. १९७८ साली मुंबईत पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली, तेव्हा सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स तेथे वाजवून गेले. त्यांचा ‘सॉनीमून फॉर टू’ हाही ब्लूजच आहे. खाली उतरणारे एकच वाक्य तीनदा म्हटले की त्याची चाल पुरी होते.