स्वस्त फुल-फ्रेम कॅमेरा : बलस्थाने आणि मर्यादा

फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे सुमारे ३६ बाय २४ मिलिमीटर असतो. हा आकार हौशी छायाचित्रकाराच्या आवाक्यात आणणाऱ्या कॅमेऱ्यांपैकी कॅननचा 'ईओएस आरपी' २०१९ मध्ये बाजारात आला. त्याची क्षमता २६.२ मेगापिक्सेल, तर बॅटरी व कार्डासह वजन ४८५ ग्रॅम आहे.

साताऱ्याच्या कास पठारावर फुलांचा हंगाम ढगाळ हवेत येतो. तेथे मोठ्या सेन्सरचा लाभ दिसतो. मंद प्रकाशात आयएसओ वाढवूनही चित्र फारसे दाणेदार होत नाही.

सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्यात मात्र उणिवा जाणवतात. लहान, एपीएस-सी सेन्सरच्या कॅननवर ३०० मिमीची लेन्स ४८० मिमीइतके दृश्य देते. फुल-फ्रेमवर दूरचे हरीण तेवढे मोठे टिपण्यास अधिक लांब व महाग लेन्स लागते. सेकंदाला कमाल ५ छायाचित्रे, एका चार्जिंगमध्ये सुमारे २५० छायाचित्रे आणि बॉडीत स्थिरीकरणाचा अभाव, या आणखी मर्यादा होत.

तात्पर्य, बॉडीवर वाचलेला पैसा लेन्सवर खर्च होतो. म्हणून फुले व निसर्गदृश्ये टिपणाऱ्यास असा कॅमेरा लाभदायक. वन्यजीवप्रेमीने मात्र लेन्सचा खर्च आधी मोजावा.