अण्णासाहेब किर्लोस्करांच्या चाली

'संगीत सौभद्रा'ची एखादी जुनी प्रत वाचकांनीं हातीं घ्यावी. पदांच्या माथ्यावर 'चाल' असा शब्द आणि त्यापुढें दुसऱ्याच कोणत्या तरी गाण्याचे आरंभींचे दोनचार शब्द छापलेले दिसतील. कर्ता सांगतो तें इतकेंच, कीं हें पद त्या गाण्यासारखें म्हणावें. स्वरलेखन नाहीं, आणि ज्या गाण्याचा हवाला दिला तें छापण्याची गरजही कोणास भासली नाहीं, कारण तें त्या वेळीं लोकांच्या तोंडीं होतें. पुढें हें उलटलें. लेक घरोघर पोंचली आणि आईचें नांव मात्र कोणास आठवेना, तशी या पदांची गत झाली आहे.

हा हवाला पाहून एखादा चिकित्सक विचारील, "मग यांत कर्त्याचें तें काय? शब्द त्याचे, पण सूर तर लोकांचे!" अण्णासाहेबांनीं ही गोष्ट कधीं लपविली नाहीं, पदापदावर ती छापून ठेविली. आमच्या मतें त्यांची खरी कर्तबगारी या उसनवारींतच शोधावी लागते.

बळवंत पांडुरंग किर्लोस्कर यांचा जन्म 31 मार्च 1843 रोजीं बेळगांवाकडील गुर्लहोसूर येथें झाला. (नांगराच्या कारखान्यामुळें पुढें गाजलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर हेही याच गांवचे.) घरांत मराठी आणि अंगणापलीकडे कानडी, अशा मुलखांत ज्याचे कान तयार झाले त्याला दोन भाषांचीं गाणीं आयतीं मिळतात. कीर्तनांतील साकी-दिंडी, बायकांच्या ओंव्या, लावण्या आणि कानडी चाली अशी शिदोरी घेऊन ते विद्येसाठीं पुण्यास आले. विद्या बेताचीच झाली. नाटकमंडळ्यांना पदें रचून देण्याचा नाद मात्र जडला. स्वतःची एक मंडळीही त्यांनीं काढून पाहिली. ती टिकली नाहीं. मग बेळगांवास शिक्षक, पुढें पुण्यास रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरींत नोकरी, असा सामान्य गृहस्थाचा क्रम. 1873 सालीं 'श्रीशंकरदिग्जय' नाटक छापलें, आणि बेळगांवच्या त्यांच्या विद्यार्थ्यांत गोविंद बल्लाळ देवल होते, या दोन गोष्टी सोडल्या तर वयाच्या 37 व्या वर्षापर्यंत चरित्रकारानें लेखणी झिजवावी असें फारसें घडलें नाहीं.

ते जन्मले त्याच वर्षीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं 'सीतास्वयंवर' करून दाखविलें होतें. भाव्यांच्या पद्धतींत गाणें सगळें सूत्रधाराकडे. तो साथीदारांसह पद म्हणे आणि पात्रें त्या प्रसंगाला अनुसरून आयत्या वेळीं सुचेल तें बोलत. शोक दमयंतीचा असो कीं द्रौपदीचा, तो गाऊन दाखविणार सूत्रधारच! पुढें इंग्रजी शिकलेल्या तरुणांनीं 'बुकिश' नाटकें आणलीं. त्यांत भाषण नेटकें झालें, परंतु गाण्याला रजाच मिळाली.

पात्रांच्या तोंडीं पदें घालण्याचा उपक्रम मुंबईस सोकर बापूजी त्रिलोकेकर यांनीं किंचित् आधीं केला होता; तेव्हां पहिलेपणाचा मान निर्विवादपणें अण्णासाहेबांना देतां येत नाहीं. पुण्यास पारशी मंडळीचा 'इंद्रसभे'चा खेळ पाहून त्यांनीं संगीत नाटकाचें मनावर घेतलें, असें सांगतात. कांहीं असो, 31 ऑक्टोबर 1880 रोजीं पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहांत 'शाकुंतला'चे पहिले चार अंक झाले, आणि त्या रात्रीं मराठी श्रोत्यांनीं जें ऐकिलें तें त्यांना अगदीं नवें वाटलें.

नवें काय होतें? चाली तर नव्हत्याच. पण चाल ओळखीची असली म्हणजे कान तिच्यामागें धांवत नाहींत. सगळें लक्ष शब्दांवर राहतें. शिवाय चालीला आठवणी चिकटलेल्या असतात. जी लय घरच्या बाईनें जात्यावर किंवा कीर्तनकारानें देवळांत ऐकविली, तिच्या जवळपासची लय आश्रमकन्येच्या मुखीं आली कीं कालिदासाची शकुंतला परकी उरत नाहीं. चौथा अंक म्हणजे मुलीची सासरीं पाठवणी. पहिल्या रात्रीचा खेळ संपला तो याच प्रसंगावर. लेक दिलेल्या किती बापांनीं त्या वेळीं उपरण्याचें टोंक डोळ्यांस लाविलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. संस्कृत श्लोकांचें भाषांतर पुष्कळांनीं केलें आहे. श्लोकाला घरचा गळा अण्णासाहेबांनीं दिला.

'सौभद्रां'त (पहिला प्रयोग, तीन अंकांचा, 18 नोव्हेंबर 1882) ते आणखी मोकळे झाले. कृष्ण, बलराम, रुक्मिणी, सुभद्रा हीं नांवें पुराणांतलीं. पण लग्न ठरविण्याची खटपट, थोरल्या भावाचा हट्ट, भावजयीची चतुराई हें सारें आपल्या माजघरांतलें. येथें पद आलें म्हणून कथा थांबत नाहीं. साकी, दिंडी, कामदा यांसारख्या लहान रचनांतून पात्र सवाल टाकतें, जबाब देतें, रुसतें आणि पुढें जातें. मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर, आणि 1882 सालीं बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर असे गळे त्यांना लाभले, हें त्यांचें भाग्य. पण त्या गळ्यांना त्यांनीं नाटकाच्या दावणींतून सुटूं दिलें नाहीं, हें त्यांचें शहाणपण. ते स्वतः मंडळींत भूमिका करीत, त्यामुळें पद कोठें लांबतें हें त्यांना रंगभूमीवर उभें राहून कळे.

1884 सालीं 'रामराज्यवियोगा'चे तीन अंक रंगभूमीवर आले. त्यांत भाऊराव मंथरा झाले होते. नाटक तेथेंच राहिलें. 2 नोव्हेंबर 1885 रोजीं अण्णासाहेब गुर्लहोसुरासच वारले. 'शाकुंतला'च्या त्या पहिल्या रात्रीपासून मोजलीं तर पुरतीं पांच वर्षें आणि वर दोन दिवस.

पुढची कथा सर्वांस माहीत आहे. 'मानापमाना'ला (1911) गोविंदराव टेंबे यांनीं आणि 'स्वयंवरा'ला (1916) भास्करबुवा बखले यांनीं चाली दिल्या, आणि रागदारीचें वैभव नाटकांत आलें. त्या वैभवाचा आनंद आम्हींही घेतला आहे. त्याविषयीं कृतघ्न होण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु तोच डौल मागें वळून 'सौभद्रा'वर चढविण्यांत आला, तेव्हां मात्र कांहीं तरी बिघडलें. सुभद्रा भावावर चिडलेली, आणि पद अर्धी घटका तानांत रमलेलें, असे प्रयोग आम्हीं पाहिले आहेत. वेळ पुरेना म्हणून मग साक्या आणि दिंड्या गाळावयाच्या! म्हणजे जें नाटकाचें होतें तें गेलें आणि जें मैफलीचें तें उरलें.

यावर उपाय म्हणून मूळ चालींवर जावें म्हटलें, तर पुन्हां तोच छापील हवाला आडवा येतो. 'चाल अमुक' असें पुस्तक सांगतें; तें अमुक गाणें गाणारें माणूस कोठें आहे? आमच्याजवळच्या प्रतींत पूर्वीच्या कोणा मालकानें अशा एका ओळीच्या कडेला शिसपेन्सिलीनें दोनच शब्द लिहून ठेविले आहेत : 'आजी म्हणते.'