पाण्यामागे दडलेले पाणी

१/ १९८५च्या अखेरीस हॅलेचा धूमकेतू सूर्याच्या दिशेने येत होता. धूमकेतूचे केंद्रक मुख्यतः बर्फाचे असते, ही मांडणी फ्रेड व्हिपल यांनी १९५० मध्येच केली होती. पाण्याच्या रेणूचे तुकडे धूमकेतूंभोवती आढळलेही होते. अखंड रेणूची थेट खूण मात्र सापडत नव्हती.

२/ ती खूण अवरक्त किरणांत होती आणि तिथेच पृथ्वीचे वातावरण आडवे येत होते. हवेतील बाष्प हे किरण शोषून घेते. शिवाय हवा आणि दुर्बीण स्वतःच्या उष्णतेमुळे अवरक्त किरण फेकतात. हवेचे हे तेज क्षणोक्षणी बदलते; ही चंचलता म्हणजेच आकाशाचा गोंगाट.

३/ पहिला उपाय उंचीचा. १९६०च्या दशकात फ्रँक लो यांनी लिअरजेट विमानात ३० सेंमीची दुर्बीण बसवली. १९७४ मध्ये नासाची कायपर वेधशाळा उडू लागली: सी-१४१ हे मालवाहू विमान, ९१.५ सेंमीचा आरसा, सुमारे १२.५ किमी उंची. ९९ टक्के बाष्प खाली राहिले.

४/ गोंगाट घटला, पण संपला नाही. त्यावर उपाय वजाबाकीचा. दुर्बिणीचा छोटा, दुय्यम आरसा सेकंदाला अनेक वेळा झुलवला जाई. एका क्षणी ग्रह आणि आकाश, पुढच्या क्षणी शेजारचे रिकामे आकाश. पहिल्यातून दुसरे वजा केले की ग्रह उरे. हवेचे तेज पालटण्याआधी हे उरकावे लागे. गुरू आणि शनी सूर्याकडून मिळते त्याहून अधिक उष्णता बाहेर टाकतात, हे लिअरजेटवरील मापनांनी १९६९ मध्ये दाखवले.

५/ हॅलेपुढे मात्र वजाबाकी पुरेशी नव्हती. उरलेले एक टक्का बाष्पही नेमक्या त्याच तरंगलांबी गिळत होते, ज्या धूमकेतूच्या वाफेतून येत होत्या. येथे धूमकेतूची गतीच मदतीला आली. डिसेंबरात तो पृथ्वीपासून वेगाने दूर जात होता. त्यामुळे त्याच्या वर्णरेषा किंचित लांब तरंगलांबीकडे सरकल्या आणि पृथ्वीच्या बाष्परेषांच्या आडून बाहेर आल्या. कायपरवरून मायकेल मुम्मा आणि सहकाऱ्यांनी त्या टिपल्या. व्हिपल यांच्या बर्फाला थेट साक्ष मिळाली.

६/ कायपर १९९५ मध्ये निवृत्त झाली. तिची वारसदार सोफिया, बोइंग ७४७ विमानातील वेधशाळा, २०२२ पर्यंत उडाली. चंद्राच्या सूर्यप्रकाशित पृष्ठभागावर तिला पाण्याचे रेणू आढळले; ही घोषणा २०२० मध्ये झाली. परक्या जगातील पाणी शोधताना सर्वांत मोठा अडथळा आपल्याच पाण्याचा होता.