नारायणगड, आडनावे आणि मोबाईल

नारायणगड आणि भगवानगड मुळात एकमेकांना परके नाहीत. भगवानबाबा हे नारायणगडच्या माणिकबाबांचे शिष्य. पण १२ ऑक्टोबर २०२४ च्या दसऱ्याला मनोज जरांगे पाटील यांचा मेळावा नारायणगडावर आणि पंकजा मुंडे यांचा सावरगाव घाटच्या भगवान भक्तीगडावर झाला, तेव्हा माझ्या मोबाईलवर येणाऱ्या मजकुरात हा जुना धागा कुठेच नव्हता. होती ती फक्त आडनावे.

हे एका दिवसात घडले नाही. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंतरवाली सराटीत लाठीमार झाला. त्याची दृश्ये गावोगाव पोचली आणि लोकांनी सत्तेला जाब विचारला. समाजमाध्यमांची ही ताकद लोकशाहीचीच आहे. पण ३० ऑक्टोबरला आमदार प्रकाश सोळंके यांची एक ध्वनिफीत पसरल्यानंतर माजलगावात त्यांचे घर पेटवले गेले, बीड शहरही जळाले. मग संचारबंदी आली, इंटरनेट बंद झाले. आग लावणारे काही जण, शिक्षा मात्र सगळ्यांना. असे बंदीचे आदेश जाहीर करावेत आणि ते गरजेपुरतेच असावेत, हे सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजीच सांगितले होते.

२०२४ च्या लोकसभेचा निकाल ६,५५३ मतांनी लागला. त्यानंतर आडनावांची दरी एवढी वाढली की २०२५ मध्ये बीडच्या पोलिसांना टेबलावर फक्त पहिले नाव लावावे लागले.

या भांडणात आपला काय संबंध, असे आपल्यातले अनेक जण म्हणत होते. ३० मार्च २०२५ च्या पहाटे, ईदच्या आदल्या दिवशी, गेवराई तालुक्यातल्या अर्धा मसल्याच्या मशिदीत जिलेटिनचा स्फोट झाला. त्याआधी जिलेटिनच्या कांड्या हातात घेतलेला व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकलेला होता. सर्वांना दिसेल असा!

म्हणून मला पाळतीचा युक्तिवाद पटत नाही. उघड धमकी ज्यांना दिसत नाही, त्यांना प्रत्येकाचे खाजगी बोलणे ऐकण्याचा अधिकार कशासाठी हवा? खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे पुट्टस्वामी खटल्याने २०१७ मध्ये ठरवले. सरकारने त्या चौकटीत राहावे. आणि आपणही पुढे ढकलण्याआधी मजकूर एकदा तपासावा. कुणाचे आडनाव त्यात जळते आहे, हे पाहावे.