मका, चवळी आणि बिडाचा तवा : अमेरिकेच्या दक्षिणेतील घरगुती स्वयंपाकाची ओळख

व्हर्जिनियापासून दोन्ही कॅरोलायना, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी ओलांडत लुइझियानापर्यंत अमेरिकेचा जो पट्टा पसरला आहे, त्याला तिथले लोक नुसते ‘साउथ’ म्हणतात. कापूस, तंबाखू आणि भात पिकवणारा हा मुलूख गुलामगिरीवर उभा राहिला आणि १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात होरपळला. त्याच्या स्वयंपाकाची आपल्याकडे ओळख झाली ती बहुधा तळलेल्या कोंबडीच्या दुकानांमुळे. ही ओळख खोटी नाही, पण फार अपुरी आहे. कोंबडी तळणे हे तिकडच्या घरांत बराच काळ रविवारचे आणि पाहुण्यांसाठीचे काम होते. रोजचे जेवण होते मक्याचे, चवळीचे आणि पालेभाजीचे. वाचकांनी या स्वयंपाकात शिरताना हे रोजचे जेवण आधी पाहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

या जेवणात तीन खंड एकत्र आले. मका आणि तो शिजवण्याच्या रीती मस्कोगी, चेरोकी, चॉक्टॉ या मूळ रहिवाशांच्या. डुक्कर आणि गहू युरोपातून आले. चवळी, भेंडी आणि तीळ आले आफ्रिकेतून, गुलामांच्या व्यापाराच्या वाटेने. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर भाताची जी प्रचंड शेती उभी राहिली, तिच्यात राबणाऱ्यांत पश्चिम आफ्रिकेच्या भात पिकवणाऱ्या प्रदेशांतून पकडून आणलेली माणसे होती. कॅरन हेस यांनी १९९२ मध्ये आणि ज्युडिथ कार्नी यांनी २००१ मध्ये आपापल्या ग्रंथांत या माणसांच्या ज्ञानाचे ऋण ठळकपणे मांडले. त्या ज्ञानाचा वाटा नेमका किती, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. मात्र या स्वयंपाकाचा इतिहास आफ्रिकेला वगळून आता कोणी लिहू शकत नाही.

छापील पुस्तकांनी हा हिशेब बराच उशिरा चुकता केला. मेरी रँडॉल्फ यांचे ‘द व्हर्जिनिया हाउसवाइफ’ १८२४ चे. त्यात भेंडीचे पदार्थ आहेत, तळलेली कोंबडी आहे आणि, आपल्याला आनंद वाटावा असे, हिंदुस्थानी पद्धतीच्या ‘करी’ची आणि तिच्या मसाल्याची कृतीही आहे. पण अशा घरांतल्या चुलीपुढे उभ्या असत त्या गुलाम स्त्रिया, आणि त्यांचे नाव मुखपृष्ठावर येत नसे. १८६६ मध्ये मलिंडा रसेल या स्वतंत्र कृष्णवर्णी स्त्रीने आपले पाककृतींचे पुस्तक काढले. १८८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ॲबी फिशर यांचे पुस्तक निघाले. गुलामगिरीत जन्मलेल्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी सांगितले आणि दुसऱ्यांनी उतरवून घेतले. पुढे १९७६ मध्ये एडना लुइस यांनी ‘द टेस्ट ऑफ कंट्री कुकिंग’मध्ये व्हर्जिनियातल्या फ्रीटाउनचे वर्ष ऋतूंप्रमाणे मांडले. हे खेडे मुक्त झालेल्या गुलामांनी वसवलेले, आणि त्यांत लुइस यांचे आजोबाही होते. तुम्हाला या विषयावरचे एकच पुस्तक वाचायला वेळ असेल, तर हे वाचा. पाककृतीच्या पुस्तकात एक अख्खे गाव इतक्या शांतपणे उभे राहिलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

या जेवणाला मायेचे, मनाला आधार देणारे जेवण म्हणतात. ते खरेच आहे, पण त्या मायेच्या पाठीशी टंचाई आहे हे वाचकांनी विसरू नये. मूळ रहिवासी मका राखेच्या किंवा चुन्याच्या पाण्यात शिजवत. त्यामुळे त्यातले नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागते. गोऱ्या वसाहतवाल्यांनी मका उचलला, पण ही रीत बहुतेकांनी सोडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केवळ मक्याचे पीठ, डुकराची चरबी आणि काकवी यांवर दिवस काढणाऱ्या गरिबांत पेलाग्राचा आजार पसरला. हा संसर्ग नसून आहारातली उणीव आहे, हे जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासूनच्या संशोधनातून दाखवून दिले. चवळी, पाला आणि ताक यांना या ताटात इतके महत्त्व का, ते हा इतिहास कळला की वेगळे सांगावे लागत नाही.

पाल्याचेच पाहा. कोबीच्या कुळातली, पण गड्डा न धरणारी कोलार्ड ही भाजी, किंवा मोहरीचा वा सलगमचा पाला, धुरावलेल्या डुकराच्या हाडाबरोबर तासभर आणि त्याहून अधिक शिजतो. उरलेल्या हिरव्या, खारट पाण्याला ‘पॉट लिकर’ म्हणतात. ते टाकून देणे तिकडे पाप समजतात. मक्याची भाकर त्यात बुडवावी की कुस्करावी, यावर १९३१ मध्ये लुइझियानाचे गव्हर्नर ह्यूई लाँग आणि अटलांटाच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या दैनिकाचे संपादक यांच्यात जाहीर वाद रंगला आणि वर्तमानपत्रांतून तो देशभर वाचला गेला. आपल्याकडे मोहरीचा किंवा नवलकोलाचा पाला यासाठी चांगला. मांस चालत नसेल, तर ते वगळताना संकोच नको. पण धूर हा या भाजीचा खरा मसाला आहे, म्हणून शेवटी कोळशाचा धुंगार जरूर द्या.

आता स्वयंपाकघराविषयी थोडे. इथे कॉर्नफ्लोअर मुळीच चालत नाही, तो नुसता स्टार्च असतो. भाकरीला रवाळ दळलेले मक्याचे पीठ हवे आणि ‘ग्रिट्स’ला मक्याच्या कण्या. कण्या चौपट पाण्यात, मंद आचेवर, ढवळत शिजवाव्या लागतात आणि त्यांना घाई सोसत नाही. भाकरीचे पीठ ताकात कालवतात. आपले ताक पातळ असते, तिकडचे दाट. तेव्हा दही घुसळून, जेमतेम पाणी घालून वापरा. बिडाचा तवा किंवा खोलगट कढई ओव्हनमध्ये चरबी किंवा तुपासह कडक तापवून त्यात पीठ ओतले, की ते चरचरते आणि बुडाला खरपूस कवच धरते. त्यात साखर घालावी की नाही, यावर तिकडच्या घराघरांत मतभेद आहेत. मी न घालणाऱ्यांच्या बाजूची. ‘बिस्किट’ नावाचे त्यांचे मऊ, पदर सुटणारे पाव मात्र आपल्या कणकेचे होत नाहीत. त्यांना कमी चिकाचा मैदा आणि गार लोणी लागते. पीठ मळू नका, नुसते गोळा करा.

पहिला पदार्थ म्हणून मी ‘हॉपिन जॉन’ हा चवळीभात सुचवीन. चार्ल्सटनच्या सारा रटलेज यांनी १८४७ मध्ये त्याची कृती छापली. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी चवळीभात आणि शेजारी पाला, हे ताट दक्षिणेत आजही शुभ मानतात. चवळी रात्रभर भिजवून कांद्याबरोबर मऊ शिजवा, पण फुटू देऊ नका. मग तिच्याच पाण्यात धुतलेला तांदूळ घालून झाकण ठेवा. पाणी आटले की आच बंद करून दहा मिनिटे झाकण काढू नका. बारीक तिखट मिरच्या व्हिनेगरमध्ये मुरवून केलेले आंबट-तिखट पाणी जेवताना वरून शिंपडायचे असते. ती बाटली मात्र चार-पाच दिवस आधीच भरून ठेवायला हवी.