'अलोट गर्दी' आणि माझी वही

संशोधनाची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, "निवडणुकीच्या काळात वर्तमानपत्रात इंटर्नशिप केली, तर पुढे तिचा काही उपयोग होतो का?" होतो. पण कसा, हे सांगण्याआधी माझी एक फजिती ऐका.

२०१४च्या लोकसभा निवडणुकीत मी हिंगोलीत एका दैनिकाकडे शिकाऊ बातमीदार होतो. काही वर्षांनी संशोधनासाठी त्याच दैनिकाचे जुने गठ्ठे चाळत बसलो. सेनगाव तालुक्यातल्या एका प्रचारसभेची बातमी सापडली. मथळा 'सभेला अलोट गर्दी', खाली नाव 'प्रतिनिधी'. मी ती टिपून घेतली, तळटीपही तयार केली. रात्री सहज इंटर्नशिपची वही उघडली, तर तीच तारीख, तीच सभा: "खुर्च्या अंदाजे ३००, निम्म्या रिकाम्या. मजकूर तयार आला. टाइप करून पाठवला." तो 'प्रतिनिधी' मीच होतो! वही हरवली असती, तर ती अलोट गर्दी माझ्या प्रबंधात इतिहास म्हणून गेली असती.

हा प्रकार एकट्या हिंगोलीचा नाही. २००९च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत एकच मजकूर प्रतिस्पर्धी दैनिकांत बातमी म्हणून छापून आला, हे पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं आणि 'पेड न्यूज' हा शब्द घराघरांत पोचला. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१०मध्ये अहवाल तयार केला. तो पूर्ण अहवाल अधिकृतपणे लोकांसमोर यायला २०११ उजाडलं. तालुक्याच्या पातळीवर तर बातमी पाठवणारा आणि जाहिरात गोळा करणारा माणूस अनेकदा एकच असतो. शिकाऊ पोरगा त्याच्याच हाताखाली शिकतो. त्यामुळे बातमी कुठे संपते आणि जाहिरात कुठे सुरू होते, हे छापील पानावरून कळत नाही.

आता हिंगोलीच का, ते बघा. २०१४मध्ये काँग्रेसचे राजीव सातव इथून फक्त १,६३२ मतांनी निवडून आले. शिवसेनेचे सुभाष वानखेडे पडले. त्या लाटेत राज्यात काँग्रेसला दोनच जागा मिळाल्या, हिंगोली आणि नांदेड. पुढच्याच निवडणुकीत, २०१९ला, वानखेडे काँग्रेसकडून उभे राहिले आणि शिवसेनेच्या हेमंत पाटलांकडून अडीच लाखांहून जास्त मतांनी हरले. पाच वर्षांत एवढं काय बदललं? निवडणूक आयोगाचा फॉर्म २० तुम्हाला केंद्रनिहाय मतं देतो. किती ते कळतं, का ते कळत नाही. त्या 'का'साठी आपण वर्तमानपत्राकडे जातो, आणि तिथे 'अलोट गर्दी' वाट बघत असते.

दुसरा घोळ हद्दीचा. हिंगोली मतदारसंघ म्हणजे हिंगोली जिल्हा नव्हे. त्यातले वसमत, कळमनुरी आणि हिंगोली हे तीन विधानसभा मतदारसंघ जिल्ह्यातले. किनवट आणि हदगाव नांदेडचे, उमरखेड यवतमाळचं. हिंगोलीत बसून केलेली इंटर्नशिप निम्मीच निवडणूक दाखवते. शिवाय जिल्हाच मुळी १ मे १९९९चा. त्याआधीच्या बातम्या परभणीच्या पानांवर शोधाव्या लागतात. १९५२च्या पहिल्या निवडणुकीपर्यंत मागे गेलात, तर हा भाग हैदराबाद राज्यात होता, म्हणजे उर्दू कागदही वाचता आले पाहिजेत.

मग इंटर्नशिप करताना काय कराल? रोजची वही ठेवा. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं लिहा. कोणता मजकूर तयार आला, कोणी दिला, साहेबांनी काय कापलं, याची त्याच दिवशी नोंद करा. जी बातमी छापून आली नाही, तिचीही करा. लोकांनी विश्वासाने सांगितलेलं असेल, तर नावं झाका.

आणि गठ्ठे चाळताना एक सभा किमान दोन दैनिकांत बघा. वाक्यं जशीच्या तशी जुळली, की सावध व्हा. उमेदवाराला निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, आणि शुल्क भरून त्याची प्रत मिळते. मंडप, खुर्च्या, गाड्या तिथे पैशांत दिसतात. हिशेबातही लपवाछपवी असते, पण तिची तऱ्हा बातमीपेक्षा वेगळी असते. म्हणूनच दोन्ही शेजारी ठेवायचे.

माझी तळटीप मी खोडली नाही, बदलली. आता तिथे बातमीसोबत वहीतली नोंद आहे आणि 'प्रतिनिधी' कोण होता, हेही लिहिलंय. मार्गदर्शकांना ते दाखवताना लाज वाटली खरी. पण प्रबंधातलं ते एक पान मी छातीठोकपणे खरं म्हणू शकतो.