रंगमंचावरचे म्हातारपण

शाळेच्या स्नेहसंमेलनातले आजोबा ठरलेले असतात: केसांना पावडर, हातात काठी, वाकलेली कंबर आणि मधूनमधून खोकला. मराठी रंगभूमीचा इतिहास मात्र वेगळा धडा देतो.

१८९९ साली आलेल्या गो. ब. देवलांच्या ‘संगीत शारदा’मधला भुजंगनाथ पैशाच्या जोरावर कोवळ्या मुलीशी लग्न करू पाहतो. हा म्हातारा नुसता वाकून चालला तर नाटकच बिघडेल. नवरदेवाची ऐट आणण्याची त्याची खटपट दिसली की वय आपोआप उघडे पडते. प्रेक्षक हसतात आणि त्या हसण्यातच शारदेवरचा अन्याय बोचू लागतो.

वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ डिसेंबर १९७० मध्ये रंगमंचावर आले. निवृत्त नट अप्पासाहेब बेलवलकर साकारणारे डॉ. श्रीराम लागू तेव्हा अवघे ४३ वर्षांचे होते. पोटच्या मुलांच्या घरी जागा न उरलेल्या बापाची जखम त्यांनी उभी केली आणि प्रेक्षकांना नटाचे वय आठवलेच नाही.

दोन्ही भूमिकांचा पाया एकच: या माणसाला अजून काय हवे आहे? शाळेत आजोबांची भूमिका बसवताना शिक्षकांनी मुलाला आधी हा प्रश्न विचारावा, काठी नंतर द्यावी. नाहीतर नातवंडांचे नाटक पाहायला आलेल्या आजी-आजोबांचीच टिंगल होते.